पडला, असं लिहिलं आहे

सातारा
२४ मे

प्रिय सुकू,

या आठवड्यात तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी म्हणाले, काम होत आलंय, एकदोन शब्द अडलेत. ते खरं नव्हतं. काम मंगळवारीच झालं होतं, शब्द एकच अडला होता आणि तो अजून अडलेलाच आहे. फोनवर तू "अक्का" म्हणालास की मी बोलायचं ते निम्मं गिळते, म्हणून हे पत्र. हाताने लिहिते आहे. कॉम्प्युटरवर लिहायला बसले असते तर चारदा पुसलं असतं आणि तुझ्या हाती एक गुळगुळीत, कामकाजी पत्र पडलं असतं. इथे खाडाखोड दिसेल. दिसू दे.

तुझी हळद घेणाऱ्या हॅम्बुर्गच्या कंपनीने तीस वर्षं आपल्याकडे राबलेल्या गुंडाच्या अपघाताचे कागद जर्मनमध्ये मागितले. तिकडे आता कायदाच आहे म्हणे, माल जिथून येतो तिथे माणसं कशी राबतात याचा जाब त्यांना द्यावा लागतो. तू पाकीट पाठवलंस आणि म्हणालास, "तासाभराचं काम आहे अक्का, बाहेरच्या कुणाला कशाला दाखवायचं." तेव्हा मला बरंच वाटलं. घरात जर्मन शिकवणारी बहीण आहे, तर तिच्याकडेच काम यावं. आता त्याच वाक्यापाशी मनात पाल चुकचुकते. बाहेरच्याला दाखवायचं नाही असं त्या कागदांत काय होतं? की बाहेरच्याने विचारलं असतं ते बहीण विचारणार नाही, असा तुझा अंदाज होता?

कागद साधे आहेत. पहिलं तुझं पत्र: हरिपूरला जमिनीखाली हळद साठवतो त्या पेवाच्या तोंडाशी गुंडाचा पाय घसरला, तो आत पडला आणि गुदमरून गेला. दुसरा तुझ्या मुकादमाचा, भरतेशचा जबाब: गुंडा आत खाली पडला. तिसरं पंचनाम्याचं इंग्रजी: पडलेल्या अवस्थेत सापडला. इंग्रजीत फॉल म्हटलं की भागतं. झाडाचं पान, बाजारभाव, माणूस, सगळं एकाच शब्दात पडतं. जर्मनला ते पुरत नाही. माणूस उभ्याउभ्या आडवा झाला तर उमफालेन. चालता चालता पडला तर हिनफालेन. पाय घसरला तर आउसरुटशेन. उंचावरून खाली गेला तर आपश्ट्युर्त्सेन. आणि अंगातलं बळ जाऊन जागच्या जागी कोसळला तर त्सुझामेनब्रेखेन. अठरा वर्षं हा धडा मी शिकवते आहे. वर्गात मी मुलांना पडूनच दाखवायला लावते. कुणी बाकावरून पडतं, कुणी केळीच्या सालीवरून, सगळे हसतात आणि शब्द मात्र कायमचे लक्षात राहतात. मंगळवारी मी गुंडाला तसं पाडून बघत होते. एकेका शब्दातून. तीन कागदांवर तो तीन तऱ्हांनी पडत होता आणि मला एकही पडणं दिसत नव्हतं.

म्हणून तुला विचारलं होतं, की नक्की कसा पडला? तू हसलास. "अगं अक्का, पडला तो पडला. जर्मनीत माणसं काय वेगळी पडतात का?" मीही हसले. पण फोन ठेवल्यावर मी डायरीत लिहिलं: सुकू फार लवकर हसला. हे लिहिल्याची लगेच लाजही वाटली. तुला माहीत आहे, माझा स्वभावच असा. लहानपणी माझी शाईची दौत सांडली की मी आधी तुझे हात बघायची आणि नंतर लक्षात यायचं की झाकण मीच सैल ठेवलं होतं. त्यामुळे या वेळी मी स्वतःला बजावलं, की बाई गं, तू भाषांतर करणारी आहेस. समोर 'पडला' असेल तर 'पडला' लिही. वाक्य खरं की खोटं याच्याशी तुझा संबंध नाही, ते खरं उतरलं की नाही एवढंच तुझं काम. हा युक्तिवाद चांगला होता. त्याने मला बुधवारी संध्याकाळपर्यंत स्वस्थ ठेवलं.

मग मी पानांना क्रमांक घालायला घेतले. एक, दोन, तीन, पाच. तुझ्या यादीत चार नंबर होता, 'वैद्यकीय अहवाल', आणि पाकिटात तो नव्हता. तुला विचारलं तर म्हणालास, तो त्यांना लागणार नाही. मग यादीत कशाला घातलास, हे मी विचारलं नाही. पाच नंबरला फोटो होते, त्यांच्या खालच्या ओळींचं भाषांतर हवं होतं. तिसऱ्या फोटोत पेवाचं तोंड आहे, मातीचा लेप फोडलेला, बाजूला दोराचं वेटोळं. हा फोटो मी चार वेळा बघितला असेन. पाचव्या वेळी दोराच्या पलीकडे गुंडाच्या चपला दिसल्या. जोडीने ठेवलेल्या, टाचा पेवाकडे, अंगठे बाहेर.

सुकू, हे तुला समजावून सांगायची गरज नाही, पण मला ते एकदा लिहून बघायचंय. पेवात उतरणारा माणूस तोंडाशी चपला काढतो. खाली धान्य असो की हळद, ती लक्ष्मी आहे, तिच्यावर चपला घालून जायचं नाही. काढतो, त्या नीट जोडीने ठेवतो, काठाला हात लावून कपाळाला लावतो आणि मग दोर धरतो. गुंडाला हे मी शेकडो वेळा करताना पाहिलं आहे. विशीत अप्पांकडे कामाला आला तेव्हापासून. मे महिन्याच्या उन्हात वरचे सगळे घामाने निथळत असायचे आणि खालून त्याचा आवाज यायचा, "मालक, हितं लय गार हाय. पगार खालीच द्या, मी काय वर येत न्हाई." काठावर पाय घसरून पडणारा माणूस चपला काढून, जोडीने लावून पडत नाही. गुंडा उतरला होता. कुणीतरी उतर म्हटलं, म्हणून उतरला होता.

अर्थात मी लगेच माझ्याविरुद्धही बाजू मांडली. चपला मागाहून कुणी नीट केल्या असतील. मेलेल्या माणसाच्या वस्तू लोक सरळ करून ठेवतात. मग तुझ्यावरचा संशय खोटा निघावा, एवढ्याचसाठी मी शुक्रवारी रजा टाकली आणि सांगलीची एसटी धरली. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. मध्येच उंब्रजला उतरले.

गुंडाच्या बायकोचं, अंजनाचं घर हायवेपासून आत, शाळेच्या मागे. गुंडा गेल्यावर आपण दोघं एकदाच गेलो होतो, गाडी चालू ठेवून. या वेळी मी बसले. तिने चहा ठेवला, मी नको म्हणाले तरी ठेवला. बोलता बोलता ती मुद्द्यावर आली, आणि तो मुद्दा मला ठाऊकच नव्हता. तुला आहे का, हेही मला आता विचारावंसं वाटतं. ती म्हणाली, "बाई, तेनं अकरा वर्सं झाली सोडून. पोरीच्या लग्नात बी घोटभर घेतली न्हाई. आन आता समदं गाव म्हनतंय, पेवाच्या तोंडावनं पडला म्हंजे पिऊनच पडला आसंल. तीस वर्सं उतरनारा मानूस सुद्दीत कसा पडंल?" मी म्हणाले, लोकांना काय, बोलतात. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळू आवाजात म्हणाली, "लोकांचं ऱ्हाऊ द्या वो. मला बी कवा कवा वाटतंय. घेतली आसंल का त्या दिवशी? मला लपवून? तेच लय लागतंय बगा."

सुकू, तू 'पडला' लिहिलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे हॅम्बुर्ग असेल. तो शब्द उंब्रजमध्ये काय करेल, हे तुझ्या मनातही आलं नसेल. तो आता त्या बाईच्या घरात राहतो. बत्तीस वर्षांच्या संसारावर तिला शंका यायला लागली आहे, आणि जो उत्तर देऊ शकला असता तोच नाही.

मग तिने कपाटावरची प्लास्टिकची पिशवी काढली. आत कागद. "म्हैनाभर हाय ह्यो. समदा इंग्रजीत. जावयाला वाचाय दिला तर म्हनला, डाक्टरचं अक्शर हाय, मला न्हाई येत. तुमी शिकलेल्या. तेवढं वाचून सांगा की." तो चार नंबरचा कागद होता. अक्षर वाईट होतं, पण वाचता येत होतं. श्वास कोंडून मृत्यू. अंगावर जखम नाही. कुठलंही हाड मोडलेलं नाही. आपलं पेव वीस फूट खोल आहे. दारूबद्दल कागदावर एक अक्षर नव्हतं, ना असल्याचं, ना नसल्याचं.

आता पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे. अंजनाने विचारलं, "काय लिवलंय, बाई?" आणि मी म्हणाले, "डॉक्टरी शब्द आहेत. एकदा कुणाला तरी विचारून सांगते." अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांना जागते, असं समजत आले. तिच्या हातातल्या कागदावरची चार सोपी वाक्यं मराठीत सांगायची होती आणि मला एकाएकी इंग्रजी येईनासं झालं. तुझ्यासाठी. चहा पिऊन मी उठले. ती रस्त्यापर्यंत सोडायला आली. तुझ्यावर संशय घेऊन निघालेली मी, तिथून पुढे स्वतःवरच नजर ठेवून प्रवास केला.

हरिपूरला तू नव्हतास, ते माहीत असूनच गेले. भरतेश वखारीत होता. मला बघून त्याने खुर्ची पुसली, पंखा लावला, मग पंख्याचा आवाज जास्त होतो म्हणून बंद केला. आधी इकडचं तिकडचं झालं. मी म्हणाले, भरतेश, गुंडाच्या चपला तू नीट लावल्यास का? तो म्हणाला, "न्हाई वो आक्का, त्येनंच काढून ठेवल्या की." आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. मी गप्प बसले. कुणी गप्प बसलं की भरतेशला सहन होत नाही, हे तुलाही माहीत आहे.

त्याने सांगितलं ते असं. दुसऱ्या दिवशी हॅम्बुर्गची माणसं येणार होती. त्यांना पेव दाखवायचं होतं, त्यातली ताजी हळद हातात द्यायची होती. माणूस उतरवायच्या आदल्या दिवशी पेव उघडून रात्रभर मोकळं ठेवायचं, ही आपली रीत. पण त्या दिवशी ते सकाळी आठला फोडलं आणि नऊला माणूस उतरवला. का, हे मी विचारलं तेव्हा भरतेश बाहेरच्या नळाकडे बघायला लागला. मी म्हणाले, मग दिवा? दिवा सोडला नाहीत खाली? त्यावर तो जवळजवळ रागावला. "आसं कसं हुईल आक्का? आप्पांची रीत हाय. मी सोता दोराला दिवा बांधून तळाला सोडला. नऊ येळा णमोकार मंतर म्हटला, एकबी कमी न्हाई. गुंडानं वरनं वाकून बघितलं, दिवा जळतोय न्हवं म्हनला. मी म्हटलं, झगझगीत जळतोय. मग उतरला." खाली पोहोचला, अर्धी पाटी भरली, वाकला तो उठलाच नाही. पडला म्हणायला त्याच्याखाली पडायला जागाच उरली नव्हती. दुसरा एक जण दोर धरून उतरायला निघाला, त्याला भरतेशने कॉलर धरून मागे ओढला. मी विचारलं, दिवा विझला नाही? "न्हाई! तेच तर आक्का. अजून जळत हुता. गुंडाला वर काडला तवा बी खाली जळतच हुता." मग त्याने फळीवरून तो दिवा काढून मला दाखवला.

बॅटरीचा.

हिरव्या प्लास्टिकचा, जुन्या कंदिलासारखा दिसणारा, वर कडी, आत पांढरी पट्टी. भरतेशने बटण दाबून दाखवलं. सुकू, अप्पा दोराला कंदील बांधून सोडायचे तेव्हा आपण दोघं पोटावर पालथे पडून बघायचो. नऊ णमोकार होईपर्यंत ज्योत उभी राहिली तरच माणूस उतरणार. एकदा पाचव्यालाच ज्योत बसली होती आणि अप्पांनी कंदील वर ओढून सगळ्यांना घरी पाठवलं होतं, तो अख्खा दिवस. खाली हवा आहे की नाही, हे सांगायला ती ज्योत होती. भरतेशला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी दिवा सोडणं म्हणजे पेवाला नमस्कार करण्यासारखं होतं, आणि ते त्याने मनापासून केलं. गेली तीन वर्षं हाच दिवा होता, पण पेवं रात्रभर उघडी राहायची म्हणून काही बिघडलं नाही. आणि गुंडाला कसं कळलं नाही, म्हणशील. मीही तेच म्हणत वखारीबाहेर आले. पण जो माणूस तीस वर्षं खालचा उजेड बघून पाय सोडत आला, तो उजेड दिसल्यावर पाय सोडणारच. त्या अरुंद तोंडातून वीस फुटांवर उजेड तेवढा दिसतो, तो कशाचा आहे ते दिसत नाही.

निघताना मी भरतेशला विचारलं, पडला असं लिहायला कुणी सांगितलं? तो म्हणाला, "दादा आले, दिवा बघितला आन खालीच बसले. मग म्हनले, पडला म्हना. दिव्याचं नाव काडायचं न्हाई. ह्यो दिवा आक्कानं सांगितलेला हाय. आक्काचं नाव यात आलं न्हाई पायजे."

परतीच्या गाडीत मी आधी तुझ्यावर चिडले. आपली चूक लपवायला माझं नाव? मी कधी सांगितलं होतं? घरी आल्याबरोबर मी तीन वर्षांपूर्वीच्या डायऱ्या काढल्या. नऊ नोव्हेंबरचं पान. माझंच अक्षर, नीटनेटकं. 'सुकूची सेंद्रिय मालाची नियमावली जर्मनमधून मराठीत करून दिली. मालाजवळ रॉकेल नको, उघडी ज्योत नको. त्याने विचारलं, मग पेवात सोडायच्या कंदिलाचं काय करू? सांगितलं, बॅटरीचा घे. एक प्रश्न सुटला.'

एक प्रश्न सुटला. पालथी पडून ती ज्योत बघितलेली मी. पाचव्या णमोकाराला ती विझताना बघितलेली मी. तू विचारलं होतंस, सुकू. तू मला विचारलं होतंस, आणि मी नियम अचूक सांगितला. त्या दिवशी माझ्या भाषांतरात एकही चूक नव्हती, हे मी काल पुन्हा पडताळून पाहिलं. त्याचा काय उपयोग, ते तूच सांग.

आता माझ्या मनात काय चाललंय ते लपवत नाही. तू मला वाचवायला खोटं लिहिलंस, असं मला वाटतं आणि डोळे भरून येतात. पुढच्याच क्षणी वाटतं, की पेव सकाळी आठला फोडायला तर अक्काने सांगितलं नव्हतं. ते कुणी सांगितलं, हे दिव्याचं नाव निघालं की निघणारच होतं. म्हणजे मला वाचवायला तू माझ्यापुढे उभा राहिलास, की माझ्या नावाआड लपलास? आणखी एक सांगते, ते वाचून तुला राग येईल. भरतेशने ते वाक्य मला सहज सांगितलं, की मी कधीतरी येणारच हे ओळखून तूच त्याच्याकडे ते ठेवून दिलं होतंस? अक्काने ऐकलं की अक्का गप्प बसेल, म्हणून? बघ, भावाच्या मायेवरसुद्धा मी असा संशय घेते आहे. तो खोटा असेल तर माझ्या तोंडावर सांग, मी ऐकून घेईन. खरा असेल तरी तोंडावरच सांग.

या पाकिटात तुझ्या कागदांचं भाषांतर आहे. तू लिहिलंस तसंच केलं आहे. तुझा पाय घसरलेला गुंडा जर्मनमध्येही पाय घसरूनच पडतो. दुसऱ्याचं वाक्य बदलायचा मला हक्क नाही. पण त्याखाली मी सही केलेली नाही आणि करणार नाही. सोबत एक पान आहे, जर्मन आणि मराठी, माझ्या नावाने. त्यात एवढंच आहे की गुंडा पडला नाही, कामासाठी उतरला आणि खाली हवा नव्हती म्हणून कोसळला. आणि ज्योतीचा कंदील काढून बॅटरीचा दिवा घ्या, असं मी, गुणमालाने, अमुक तारखेला सांगितलं. पेव किती वाजता उघडलं आणि का, ते त्यात नाही. ती वाक्यं तुझी आहेत. सोमवारी सकाळी हे पान हॅम्बुर्गला जाईल आणि एक प्रत तपास करणाऱ्यांकडे. तुझी वाक्यं त्याच्या आधी आली तर दोन्ही एकत्र जातील. तुझा धंदा, ती ऑर्डर, कदाचित त्याहून वाईट काही, याचा विचार मी केला नाही असं समजू नकोस. कालची अख्खी रात्र तोच केला.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. कागद सोमवारी जातील, अंजनाला मात्र मला कागदाने कळवायचं नाही. दरवर्षी क्षमावाणीला तू आणि मी दोनशे जणांना एकच मेसेज पाठवतो, कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. तो मेसेज गुंडालाही जायचा, मी फोनमध्ये बघितलं. कुरिअर तुला सोमवारच्या आत मिळणार नाही, म्हणून हे आज, शनिवारी, सांगलीला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती देते आहे. संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात पडेल. उद्या रविवारी मी नऊच्या गाडीने उंब्रजला उतरेन. तिच्या पिशवीतला कागद तिला शब्दन् शब्द वाचून दाखवेन. तिचा नवरा शुद्धीत होता, सवयीप्रमाणे चपला जोडीने काढून, काठाला नमस्कार करून उतरला आणि माझ्या सांगण्यावरून बदललेल्या दिव्यावर विश्वास ठेवून गेला, हे मी तिला सांगेन. ती मला काय म्हणेल ते म्हणू दे. स्टँडवर अकरापर्यंत तुझी वाट बघेन, मग चालत निघेन. तू आलास तर आपण दोघं बसू, गाडी बंद करून. नाही आलास तर ती विचारेल, "धाकलं मालक का न्हाई आलं?" आणि त्याचं उत्तर तुझ्या वतीने मी देणार नाही.

तुझ्यावर संशय घेणारी, तरीही तुझीच,
गुणमाला अक्का